दयाळाची कुस्ती

विजयसिंह सासनेंना दाढी करायची होती. बस्स, एवढंच. त्यापायी अर्धी मंगळवार पेठ आपल्या अंगणात गोळा होईल, एका पाखराला बदामाचा खुराक लावायचा ठराव होईल आणि सरकारी कचेरीत आपल्यावरच अतिक्रमणाचा ठपका येईल, हे त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी मुकाट्यानं दाढी राखली असती. दाढी राखणाऱ्याला कोल्हापुरात कुणी कारण विचारत नाही.

पण ती नुसती दाढी नव्हती हो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तेहतीस वर्षं टाइमकीपर म्हणून घालवून हा माणूस जानेवारीत रिटायर झाला आणि घरी बसला. बसला म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. बसायला जागा कुठं होती? हॉलमध्ये सून प्रियदर्शनी पुण्याच्या कंपनीचं काम घरनं करायची. तिच्या कॅमेऱ्यात मागनं लेंगा घातलेला माणूस गेला की तिचा चेहरा पडायचा. आतल्या खोलीत मुलगा सम्राट रात्रपाळी करून आलेला, दिवसभर घोरत. आणि स्वयंपाकघर? स्वयंपाकघर शालूबाईंचं. तिथं लग्न झाल्यापासून सासूसुद्धा विचारून शिरली होती म्हणतात. विजयसिंह पाणी प्यायला उंबऱ्यात उभे राहिले तरी आतनं आवाज यायचा, "काय पायजे? मी देतो की. तुमी भाईर व्हा." बायको 'देतो' म्हणते म्हणून दचकू नका, आमच्याकडच्या बायका असंच बोलतात आणि त्यांचं म्हणणं कुणाला कळलं नाही असं अजून घडलेलं नाही.

तर दोन महिने विजयसिंह स्वतःच्या घरात पावण्यासारखे वावरत होते. इथं टेकले की कुणीतरी झाडू घेऊन यायचं, तिथं टेकले की कुणाचा तरी चार्जर त्यांच्याखाली निघायचा. नावात विजय आणि सिंह दोन्ही, पण खुर्ची मांडण्यापुरती जागा काही जिंकता आली नव्हती. ते त्यांना लागलं होतं. फार लागलं होतं. बोलून दाखवण्यातला माणूस नव्हता, म्हणून नुसते दाराच्या चौकटीला टेकून बाहेर बघत राहायचे.

असंच बघता बघता त्यांना अंगण दिसलं. दहा बाय बाराचं अंगण, त्यात एक पेरूचं झाड, पलीकडं शेजारच्या हुक्केरींची भिंत. ह्या जागेवर घरातल्या कुणाचाच दावा नव्हता. विजयसिंहांनी माळ्यावरनं जुन्या कपाटाचा दोन फुटी आरसा काढला, पुसला, तारेनं पेरूच्या फांदीला टांगला. खाली प्लास्टिकची खुर्ची, बाजूला स्टूल, स्टुलावर पाण्याचा मग, ब्रश आणि क्रीम.

मार्चातली पहिली सकाळ. ऊन अजून कोवळं होतं. तालमीकडनं बैठकांचे हुंकार येत होते, कुठंतरी म्हैस ओरडत होती, आणि पेरूच्या पानांतनं उजेडाचे ठिपके विजयसिंहांच्या गालावरच्या फेसावर हलत होते. घाई कसली नव्हती. भोंगा नव्हता. बाथरूमचं दार कुणी वाजवत नव्हतं. आरशात त्यांना आपला चेहरा दिसला, मागं आकाश दिसलं, आणि वाटलं की आत आणखी एक अंगण आहे, तिथंही एक गृहस्थ असेच आरामात दाढी करत बसलेत. त्या गृहस्थांना विजयसिंहांनी चक्क मान लववून नमस्कार केला. एका गालाला पाऊण तास लागला. इतकी सुंदर दाढी त्यांनी जन्मात केली नव्हती.

तीन दिवस हे सुख चाललं. चौथ्या दिवशी उजवा गाल झाला, डाव्याला फेस लावला, आणि भिंतीवरनं काहीतरी काळंपांढरं सूंऽऽ करत आलं ते थेट आरशावर आदळलं.

पाखरू मुठीएवढं. अंग काळंभोर, पोट पांढरं, पंखावर पांढरी पट्टी, शेपूट ताठ वर. आरशाच्या कडेवर बसलं, आत वाकून बघितलं, छाती फुगवली आणि काचेवर चोच हाणली. पुन्हा हाणली. मग दोन्ही पायांनी झेप घेतली. विजयसिंहांनी "हुड हुड" केलं. पाखरानं एकदाच मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. ती नजर विजयसिंहांच्या ओळखीची होती. चार्जरवर बसल्यावर सुनेची जी नजर असते ती. ते उठले. अर्ध्या तोंडाला फेस तसाच वाळला. आत गेले तर शालूबाई म्हणाल्या, "अर्धीच केली?" एका पाखरानं मला उठवलं, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. डावा गाल वाढत चालला. आणि त्या तिसऱ्या दिवशी केरबा वस्ताद रस्त्यानं चालले होते.

केरबा वस्ताद म्हणजे शेजारच्या तालमीचे. वय सत्तरीच्या पुढं, कान मोडलेले, रोज म्हशींच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन परत जाताना गल्लीतल्या प्रत्येकाच्या प्रकृतीची चौकशी करायची त्यांची रीत. ते फाटकाशी थांबले. पाखराकडं बघितलं. हळूच म्हणाले, "सासने, हलू नका."

"का? काय झालं?"

"पट काढतोय त्यो. पायाला झोंबलाय."

वस्ताद पायताणं काढून अंगणात आले. लाल मातीत आल्यासारखे आले. मांडी घालून बसले आणि अर्धा तास डोळ्याची पापणी हलवली नाही. मग उसासा टाकून म्हणाले, "दयाळ हाय त्यो. जिगर बघा की! पन एक गोष्ट ध्यानात घ्या. ह्येनं जो डाव टाकावा, समोरचा त्योच डाव टाकतोय. त्याच टायमाला! दोगांचा गुरू एकच दिसतोय."

"वस्ताद, तो आरसा आहे," विजयसिंह म्हणाले.

"आरसा हाय ते मला म्हाईत हाय की! मी काय खुळा हाय? त्याला कुठं म्हाईत हाय? त्याच्या लेखी कोणतरी परका गडी त्याच्या हद्दीत शिरलाय. कुस्ती ज्याच्या मनात हाय त्याच्यासाठी ती खरीच असतीया."

दुसऱ्या दिवशी सहा जण आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी किती आले ते मोजायला जागाच उरली नाही. भिंतीवर माणसं, पायरीवर माणसं, आणि विजयसिंहांच्या खुर्चीवर, अहो त्यांच्या स्वतःच्या खुर्चीवर, रिटायर झालेले एक फौजदार. ह्या गावात कुठंही दोघं झोंबताना दिसले की तिसरा पंच होतो आणि चौथा खुराकाचा विचार करतो. चौघांनी मिळून ठरवलं की पठ्ठ्याला भिजवलेले बदाम बारीक करून द्यावेत. बशी ठेवली. पठ्ठ्यानं ढुंकून बघितलं नाही. बदाम मुंग्यांनी खाल्ले आणि त्या आठवड्यात त्या अंगणातल्या मुंग्या जरा जास्तच ताठ चालत होत्या.

"आरसा काढतो मी," विजयसिंहांनी एकदा पुटपुटून बघितलं.

"काय बोलताय!" वस्ताद कडाडले. "निकाल लागंस्तवर मैदान मोडत्यात व्हय?"

झालं. विजयसिंह फाटकाशी जाऊन उभे राहिले, पावण्यासारखे.

एका सकाळी नर किडे शोधायला गेला असताना भिंतीवरनं त्याची मादी उतरली. तिचा काळा रंग नाही, राखाडी, जरा धुतल्यासारखा. तीही आरशाच्या कडेवर बसली, आत वाकली, आणि काय सांगू, नवऱ्यापेक्षा दुपटीनं भडकली! वस्ताद गोंधळले. "काल आत गडी हुता. आज बाई कुठनं आली?"

भिंतीपलीकडनं मल्लव्वा हुक्केरींनी डोकं वर काढलं. मल्लव्वा निपाणीकडच्या, कन्नड आणि मराठी एकाच दमात बोलणाऱ्या. "अय्यो, त्यात काय इचारतायसा? आत जोडपं ऱ्हातंय की! गडी एकटा कसा ऱ्हाईल? घर म्हटलं की बाई आलीच." तेवढ्यात नर परत आला, तोही कडेवर बसला, आणि दोघं मिळून झुंजायला लागले. नर आतल्या नराशी, मादी आतल्या मादीशी. नर आतल्या बाईच्या वाटेला जाईना, आणि मादी आतल्या गड्याकडं बघेना. मल्लव्वा हसत सुटल्या. "बगा बगा! गडी गड्याला हाकलतोय, बाई बाईला. ज्येचं त्येनं बगायचं. आमच्या गल्लीत तरी काय येगळं हाय?"

विजयसिंहांना मात्र त्या दिवशी आतलं जोडपं डोळ्यांपुढनं हलेना. दुपारी गर्दी पांगल्यावर ते आरशापुढं उभे राहिले. आत तेच पेरूचं झाड, तेच आकाश, जरा जास्त निळं. आत त्यांच्यासारखेच एक सासने, तेही अर्धे वाढलेले. त्या सासन्यांच्या घरात हॉल रिकामा असेल. बायको म्हणत असेल, बसा की, कुठं निघाला. खुर्चीखाली कुणाचा चार्जर निघत नसेल. ऊन पानांतनं गळत होतं, दूर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, आणि विजयसिंह उभ्या उभ्याच तिकडच्या अंगणात जाऊन बसले, बराच वेळ.

तिथनं त्यांना प्रियदर्शनीनं परत आणलं. "बाबा, हे थांबवा हो. सकाळी मीटिंगमध्ये हैदराबादच्या साहेबांनी माझं बोलणं मध्येच तोडून विचारलं, मागं कोण जिंकतंय म्हणून." आणि त्याच संध्याकाळी मल्लव्वांचंही हसू संपलं, कारण लोकांनी त्यांची रांगोळी तुडवली होती. श्रीशैल हुक्केरी, म्हणजे मल्लव्वांचे यजमान, कापडाचं दुकान बंद करून आले आणि भिंतीवरनं म्हणाले, "सासने, तुमच्या पाखराचा बंदोबस्त करा. सरकारी खातं असतंय, तिथं अर्ज द्या. न्हाईतर मी करतो."

तुमच्या पाखराचा! विजयसिंहांना रात्रभर त्या शब्दाचा राग आला. त्यांचं ह्या घरात स्वतःचं असं काही असतं, तर ते दाढी करायला अंगणात गेले असते का?

सकाळी ते कचेरीत गेले. कुठली ते विचारू नका, पाखरांच्या तक्रारी घेतात असं कुणीतरी सांगितलं होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी कागद पुढं ओढला. "पक्षी जखमी, मृत, पाळीव की उपद्रवी?"

"उपद्रवी."

"उपद्रवाचं स्वरूप?"

"दाढी करू देत नाही."

बाईंनी मान वर केली. डावा गाल बघितला, उजवा बघितला. उजव्यालाही आता खुंट आले होते, पण डावा बराच पुढं होता. "आधार कार्ड द्या." कार्ड दिलं. बाईंनी कार्ड आणि चेहरा आलटूनपालटून बघितला. "फोटो जुळत नाही."

"बाई, तीच तर माझी तक्रार आहे."

पंधरा मिनिटं ह्यात गेली. मग बाईंनी विचारलं, "पक्ष्याचं वास्तव्य कधीपासून?" विजयसिंह प्रामाणिक माणूस. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा खऱ्याखऱ्या लिहिलेल्या. म्हणाले, "भिंतीत जुन्या पाइपाचं भोक आहे, तिथं गेल्या वर्षीही येत-जात होता. यंदा घरटं केलेलं दिसतंय."

"आणि आरसा?"

"मार्चपासून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग अतिक्रमण कुणाचं हो?"

बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "काका, पिल्लं असतील हो त्यांना. त्याला वाटतंय, आपल्या घरात दुसरा कोणीतरी शिरलाय. तो बिचारा त्याला बाहेर काढतोय. तुमच्या घरात कोण शिरलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

रिक्षानं परत येताना विजयसिंह हाच विचार करत होते. काय केलं असतं? जरा सरकून बसलो असतो, त्यांना वाटलं. बाहेर ऊन तापलं होतं, रस्ता पाण्यात बघावा तसा हलत होता, आणि त्या हलत्या रस्त्यावर त्यांना आपण जन्मभर ज्या ज्या जागांवरनं सरकलो त्या सगळ्या ओळीनं मांडलेल्या दिसल्या. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "पावणं, उतरायचं हाय न्हवं?"

अंगणात आले तर माणूस नव्हता. पेरूखाली नर पडला होता. पंख अर्धे पसरलेले, चोच उघडी, छाती धाडधाड उडत होती. वर मादी एकटीच काचेवर आदळत होती, आता जोर नव्हता, नुसती आदळत होती. आणि भिंतीतल्या भोकातनं बारीक आवाज येत होता. चीं चीं चीं, एकसारखा, न थांबता. सकाळपासून त्या पिल्लांच्या तोंडात कुणी काही घातलं नसणार. आईबाप दोघंही घर राखण्यात गुंतलेले.

विजयसिंहांनी तार सोडली, आरसा उतरवला आणि पालथा घालून खाली ठेवला. मादी फांदीवर बसून इकडं तिकडं बघायला लागली, समोरची बाई अशी अचानक गेली कुठं? विजयसिंहांनी नराजवळ बशीत पाणी ठेवलं आणि मागं सरकले.

तेवढ्यात फाटकातनं वस्ताद, मागं दहाबारा जण. "सासने! मैदान मोडलं?"

"कुस्ती बरोबरीत सुटली, वस्ताद!" विजयसिंह ओरडले. हा आवाज फौंड्रीतल्या भट्टीच्या वर चढणारा होता, तो गल्लीनं कधी ऐकलाच नव्हता. "त्येंची पोरं उपाशी हायत आत. ऐका जरा!"

सगळे ऐकायला लागले. वस्तादांनीही कान लावला. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. "पोरं उपाशी ठिवून कुस्ती न्हाय करायची," ते म्हणाले. "चला रं." आणि मैदान पांगलं.

पण म्हणतात ना, आगीतनं उठून फुफाट्यात. वस्ताद गेले आणि भिंतीपलीकडनं श्रीशैल हुक्केरी उगवले, हातात थापी, घमेल्यात कालवलेलं सिमेंट. "भोकच बुजवून टाकतो," ते म्हणाले. "भोक न्हाय तर पाखरू न्हाय, पाखरू न्हाय तर गर्दी न्हाय."

विजयसिंह आयुष्यात पहिल्यांदा सरकले नाहीत. भोकाच्या खाली भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डावीकडं दाढीवाले, उजवीकडं खुंटवाले. "श्रीशैलराव, पिल्लं हायत आत. हात लावायचा न्हाय."

"भिंत माझी हाय!"

"घर त्येंचं हाय!"

मल्लव्वा नवऱ्याच्या मदतीला धावल्या. "आणि माझी रांगोळी? ती कुणाची हो? एवढा गल्लीभर तमाशा केलासा, लाज वाटत न्हाय?" विजयसिंह त्यांच्याकडं वळले, तोंड उघडलं, तेवढ्यात मागनं आवाज आला.

"तुमी थांबा!"

शालूबाई स्वयंपाकघराच्या दारातनं येत होत्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. "तिच्याशी मी बोलतो. तुमी त्येंच्याकडं बगा." आणि भिंतीशी येऊन नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. "काय म्हणालीस गं मल्लव्वा? तमाशा? पयल्या दिवशी भिंतीवरनं खी खी करून कोण हसत हुतं?"

मग जे पेटलं! गडी गड्याशी, बाई बाईशी. विजयसिंह मल्लव्वांना एक शब्द बोलले नाहीत, शालूबाईंनी श्रीशैलरावांकडं बघितलंसुद्धा नाही. एक विषय संपला की दुसरा निघायचा. दहा वर्षांपूर्वीची धुण्याची दोरी निघाली, उसनी नेलेली किसणी निघाली, गणपतीतला मांडव निघाला. हा सगळा वेळ त्यांच्या डोक्यावरनं मादी ये-जा करत होती, चोचीत अळी धरून. थोड्या वेळानं नरही उठला, बशीत चोच बुडवली, आणि तोही कामाला लागला. पिल्लांची दुपारची जेवणं भांडणाच्या पंगतीत झाली. भांडण असं रंगलं की शेवटी श्रीशैलरावांनी थापी घातली तर घमेल्यातलं सिमेंट दगड झालं होतं. त्यांनी थापीनं दोनदा ठोकून बघितलं. मग म्हणाले, "पिल्लं उडंस्तवर ऱ्हाऊ दे. मग बुजवीन." मल्लव्वाही म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बाळंतिणीचं घर हाय." आणि दोघं आत गेली.

दुपार निवली. विजयसिंह खुर्चीवर टेकले. टेकल्याबरोबर दोन्ही पाखरं चोचीत किडे धरून फांदीवर खोळंबली. ते हलले की पाखरं शेपूट झटकायची, भोकाकडं काही जाईनात. मघाशी भांडणारी माणसं त्यांना चालली होती, टक लावून बघणारा माणूस चालत नव्हता, आणि खुर्ची भोकाच्या फार जवळ होती. विजयसिंहांना ते कळलं. ते उठले, खुर्ची उचलली. मादी सुर्रकन भोकात शिरली.

आता खुर्ची ठेवायची कुठं? हॉलमध्ये प्रियदर्शनीची मीटिंग, खोलीत सम्राटचं घोरणं. विजयसिंह खुर्ची छातीशी धरून मधल्या बोळात उभे राहिले. चिडलेही नव्हते. भिंतीपलीकडं चीं चीं थांबलं होतं, ते ऐकत होते. पोटं भरली असावीत.

"तितं काय उभं ऱ्हायलाय?" शालूबाईंनी स्वयंपाकघरातनं वाकून बघितलं. खुर्ची बघितली, गाल बघितला. मग म्हणाल्या, "आना ती हिकडं."

"कुठं?"

"आत. कुठं म्हंजे?"

त्यांनी पिठाचा डबा पायानं सरकवला. खिडकी आणि मांडणी यांच्यामध्ये बरोबर एका खुर्चीची जागा झाली. स्टीलची ताटली पदरानं लख्ख पुसून मांडणीवरच्या डब्याला टेकवून उभी केली, मगात कोमट पाणी ओतलं. "दाढी उरका. आणि कशाला हात लावू नका, सांगून ठिवतो."

विजयसिंह बसले. ताटलीत तोंड जरा पसरट दिसत होतं, मागं धूसर चूल, चुलीपुढं धूसर शालूबाई. खिडकीतनं ऊन येत होतं, तव्यावर भाकरी फुगत होती, भाजल्या पिठाचा वास होता. डावा गाल सावकाश निघत गेला. कानामागं थोडं राहिलं होतं ते शालूबाईंनी पिठाच्या बोटानं दाखवलं, आणि बोट तिथंच थोडा वेळ ठेवलं.

प्रियदर्शनी रिकामी बाटली घेऊन आली आणि सवयीनं पाऊल आत टाकायला निघाली.

"थांब गं भाईरच," शालूबाई मागं न बघता म्हणाल्या. "काय पायजे ते सांग, देतो. आत आमी दोगं हाय."